साबणाचं पाणी

सलमाबादच्या शेडमध्ये
पहाटे पाचलाच पत्रा तापायला लागतो.
जून लागला की सगळं बहारीन गारवा मागतं,
आणि गारवा दुरुस्त करणाऱ्या आम्हाला एकच पंखा,
तोही पाठमोरा,
कारण वारा लागला की ज्योत लवते
आणि सांधा अर्धाच भरतो.
एवढं मला पहिल्या आठवड्यात कळलं.

बाकीचं कळेपर्यंत हिवाळा आला.

काडी वितळायची, पण पाइपाला धरायची नाही.
गोळी व्हायची तिची, आणि टपकन बुटावर.
मी काडीवरच आणखी जाळ धरायचो.
सोलकरचाचा दाभोळचे, इथे सत्तावीस वर्षं,
स्टुलावरून न उठता म्हणायचे,
"तिला कशाला भाजतोस, बांगडा आहे का ती?
तांबं तापव. तापलेलं तांबं
आपणच ओढून घेतं तिला."

मग मी तांबं असं तापवलं
की फ्लक्स उतू गेलेल्या दुधासारखा करपला
आणि पाइपाला भोक पडलं.
"झाली बासरी," चाचा म्हणाले.
"आणखी पाच पाड."

एकदा चकचकीत घासलेल्या टोकावरून
नुसतं कौतुकानं बोट फिरवलं,
तर पुन्हा घासायला लावलं. बोटाचं तेल, म्हणे.
एकदा सांधा लाल असतानाच
धरलाय का बघायला हलवला.
"ओल्या बाळंतिणीला कुणी पाणी भरायला सांगतं?"
रात्री खोलीत, खाटेच्या वरच्या मजल्यावर,
मी वहीत लिहिलं:
*पितळ आणि तांबं एकाच वेळी तापत नाहीत.
जाड असेल त्याला आधी.
नायट्रोजन सोडायला विसरू नये,
बाहेरून सुंदर दिसतं, आत काजळीचे पापुद्रे.*
पुढे आईला पाठवायच्या पैशांचा हिशेब आहे.

ऑगस्टात मुहर्रकच्या एका शाळेचं
भलंमोठं यंत्र आलं. सात सांधे.
चार माझे, तीन चाचांचे.
दाब भरला, काटा बघितला,
आणि चाचा दुपारच्या नमाजाला गेले.
मी ब्रशनं साबणाचं पाणी लावत निघालो.
माझे चारही गप्प.
पाचवा, सहावा गप्प.
सातवा, मागच्या अंगाचा,
ओहोटीला वाळूत कुर्ली श्वास घेते तसे
बारीक बारीक बुडबुडे.

तसं मला दिसत होतं महिनाभर.
चष्मा कपाळावर असताना ते तो टेबलावर शोधायचे.
काडी सांध्याच्या एक बोट अलीकडे टेकायची,
मग सरकत सरकत जागेवर यायची.

दाब सोडला. पुसलं, घासलं, बोट लावलं नाही.
शेजारच्या व्हॉल्व्हला ओलं फडकं गुंडाळलं.
ज्योत निळी केली, तांब्याभोवती फिरवली,
आणि तांब्यानं काडी ओढून घेतली.
हलवला नाही. पन्नासपर्यंत मोजलं.

ते आले, टोपी घडी करून खिशात ठेवली,
ब्रश मागितला.
सातव्यापाशी जरा जास्त वाकले.
त्यांच्या सांध्याला एक बारीक कडं असायचं,
नथीच्या तारेएवढं.
माझं कडं दोराएवढं.

"जाड आहे," ते म्हणाले.
पत्र्यावर कावळा उतरला, पाय भाजून उडाला.
"पण धरलाय."

संध्याकाळी टेबल आवरताना
काड्यांचा डबा त्यांनी
माझ्या बाजूला सरकवला.
"उद्यापासून मागचे तू कर, बाला.
पुढचे, उजेडातले, मी करतो."