काटोलचा बेत

सव्वासातची एसटी, गणेशपेठेतून.
कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलंय सगळं.
तुझं तिकीट अर्धं,
उरलेल्या पैशात माझा चहा.
डब्यात सांभारवडी, दोन जास्तीच्या,
कंडक्टरसाठी.
‘त्याला कशाला?’
असू दे.

काटोलला चरडेंचा पोरगा येईल
मोटारसायकल घेऊन.
एका गाडीवर तिघं. तू मधे बसशील,
की मी मागून चालत येऊ?
‘झाडावर फळ नाही काका,’ तो फोनवर म्हणाला,
‘आंबिया फुटलाय नुसता.
फुलं पाहायला कोणी येतं का
नागपूरहून?’

त्याला सांगितलं नाही मी
की त्या तापापासून
फोडणी काळी होईस्तोवर
तू गॅसपाशी उभी असतेस,
दूध नासलं का, मला विचारतेस,
आणि एकदा दोरीवरचा माझा सदरा
नाकाशी धरून म्हणालीस,
‘यात तुम्ही नाही.’

परतीची बस साडेचारची.
बागेत दोन तास, फार तर अडीच.
घाई करायची नाही,
तुझ्या तोंडाकडे बघायचं नाही,
हे मी मला बजावलंय.
नाही आला वास,
तर नाक्यावर हरभऱ्याची टहाळ घेऊ,
सोलत सोलत येऊ घरापर्यंत.

आला तर काय करायचं,
ते कॅलेंडरवर लिहिलेलं नाही.