संध्याकाळचं माप

साक्षगंधाला उरले अकरा दिवस,
आणि वडशाच्या सराफ लाइनीत आम्ही दोघं
एकाच स्टुलावर आळीपाळीनं बसतोय.
खुशालच्या आतल्या खिशात रबर लावलेल्या नोटा.
किती, ते मला माहीत आहे,
सोनाराला अजून नाही.

"बजेट सांगा ना जी," पौनीकर शेठ म्हणतात.
खुशाल पाण्याचा ग्लास उचलतो, पितो, ठेवतो.
"आधी दाखवा तं खरं."

मखमलीवर पितळेचे नमुने येतात.
चार नखांची बैठक : खडा उंच, चहूकडून उजेड,
सोनं कमी लागतं आणि दिसतो मोठा.
सहा नखांची : तोच थाट, जरा जास्त दाटी.
फुलाची. पानाची. एक हार्ट,
ज्याच्याकडे खुशाल गरजेपेक्षा जास्त वेळ बघतो.
आणि अगदी कडेला बंद कोंदण,
सारवलेल्या भिंतीत दाबलेल्या काचेसारखा
काठापर्यंत बुडालेला खडा.

"हे म्हाताऱ्या लोकाईचं," शेठ म्हणतात,
"आणि महाग. चारी बाजूनं भिंत घालाची
म्हटलं तं सोनं जाते."

मी पिशवीतून कोशाची लड काढते,
आरमोरीच्या शेडमधून कालच आणलेली.
एक तार सोडवते, केसाहून बारीक,
आणि एकेका नमुन्यावरून ओढते.
चार नखांवर अडकली.
सहांवर अडकली, तुटली.
फुलात तर अशी गुंतली की
नोकराला चिमटा शोधावा लागला.
हार्टच्या वेळी खुशालनं मान फिरवली.
बंद कोंदणावरून मात्र ती गेली,
मांडीवर सूत वळताना
आईच्या तळव्याखालून जाते तशी.

पडद्यामागचा कारागीर, मेदिनीपूरचा पोरगा,
भिंगातून डोळा काढून
पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.

मग हिशेब.
कॅल्क्युलेटर शेठकडून आमच्याकडे,
आमच्याकडून शेठकडे.
मजुरी, घट, जीएसटी,
भाव तर सकाळीच चढलेला.
खडा एक नंबर लहान केला
तरी साडेतीन हजार कमी.
दोन नंबर लहान केला
तर होणाऱ्या सासूबाई चष्मा मागतील.

"माही कॅन्सल करा," खुशाल म्हणतो.
शेठला वाटतं, पोरगा रुसला.
"नाई जी. खांबावर चढाचं काम माहं.
लाइनवर बोटात धातू चालत नाई.
साक्षगंधात जवायाची घालतो, फोटोपुरती.
माह्या वाट्याचं सोनं हिच्या भिंतीत घाला."

शेठ माझ्याकडे बघतात. मी गप्प.
मला त्याचा राग आला होता थोडा,
कारण त्याच्यासाठी एक साधी रुंद पट्टी
मी आल्या आल्याच हेरून ठेवली होती,
आतून दोन अक्षरं कोरायची.
ती तिथंच राहिली, ट्रेच्या तिसऱ्या रांगेत.

आता माप. कड्यांचा जुडगा खुळखुळतो.
चौदा नंबर बरोबर बसतो.
पण आज सुट्टी आहे.
दिवसभर सोड्याच्या उकळत्या पाण्यातले कोसे
चाचपले की सांजेला बोटं फुगतात,
तेव्हा सोळा लागेल.
"मंधातलं घेऊ ना मग," शेठ म्हणतात. "पंधरा."
पंधरा म्हणजे सकाळी घरंगळणार
आणि सांजेला रुतणार.

"सोळा लिहा."
"सकाळी ढिली होईन ना बाई."
"सकाळी दोरा गुंडाळीन."

शेठ पावतीवर सोळा लिहितात,
खाली दोनदा रेघ ओढतात.

बाहेर आल्यावर खुशाल उरलेले पैसे मोजतो.
बसचं तिकीट त्याचं पूर्ण, माझं अर्धं.
ते बाजूला काढून
एक ग्लास उसाचा रस, बर्फ कमी.
तो म्हणतो, आधी तू.
मी ग्लास धरते तेव्हा दिसतं,
बोटाला अजून ती तुटकी तार चिकटलेली.