लाभ

मार्केट यार्डातून अण्णा दुपारी दीडला सुटतात,
मानेवर कांद्याचं एखादं फोलपट चिकटलेलं.
एकदा मला न्यायला सणस मैदानावर आले
आणि व्यायामशाळेच्या खिडकीतून बघत राहिले.
साठ किलोचा बार मी उचलला,
क्षणभर धरला,
होता तिथंच परत ठेवला.
पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच.
सायकल हातात धरून चालताना, स्वारगेटच्या सिग्नलला म्हणाले,
"रेणू, माल कुठं पोचलाच नाही की गं."

मी हसले.
रात्री डायस प्लॉटच्या पत्र्याखाली उत्तर शोधत पडले.

दाभेकर मॅडम म्हणतात, जोर वेगळा, झटका वेगळा.
कमरेला तिघी लटकलेल्या असताना सरकणं, तो जोर.
तोच जोर पापणी लवायच्या आत वापरून
मधल्या रेषेवर बोट टेकवणं, तो झटका.
म्हणून खोक्यावरच्या उड्या.
म्हणून पहाटे पर्वतीच्या पायऱ्या, एकाआड एक,
वर पोचल्यावर शहर बघायचं नाही,
नाडी मोजायची.
आणि दम म्हणजे
शेवटच्या मिनिटालाही तोंडातला "कबड्डी" फाटू न देणं.

अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं
की दोन खेपांमध्ये नव्वद सेकंद थांबावं,
आठवड्यातला एक दिवस हलका ठेवावा.
आमच्याकडे हलका दिवस म्हणजे आवक कमी,
त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.
एकतीस वर्षांत पाठ वाकायला शिकली,
मागे वळायचं विसरून गेली.
आता फळीवरचा चहाचा डबा
ते मला काढायला सांगतात,
दुसरीकडेच बघत, सहज सांगितल्यासारखं.

परवा मी त्यांना चटईवर उताणं झोपवलं.
लाजत होते. लुंगी सावरत होते.
"गुडघा सरळ. टाच वर. ओढ लागेल तिथं थांबायचं,
दुखेल तिथं नाही."
त्यांना फरकच कळेना.
ओढ आणि दुखणं
इतकी वर्षं एकाच पोत्यात भरलेलं.

"तीस आकडे," मी म्हटलं. "मोजा."
आणि ते मोजू लागले, मापाडी मोजतात तसं,
पहिल्याला एक न म्हणता:
लाभ,
दोन,
तीन…

अकराला मांडी थरथरली.
सतराला शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला,
आकडे ऐकू येईनात, नुसते ओठ हलताना दिसत होते.
त्यांची टाच माझ्या खांद्यावर.
भेगा एवढ्या खोल
की यार्डातली लाल माती साबणानंही निघत नाही.
जड होता पाय.
बारला दोन्हीकडे सारख्या चकत्या असतात,
हे वजन एकाच बाजूला होतं.

ओठ थांबले तेव्हा मी पाय खाली ठेवला,
होता तिथंच.

गिरणीच्या आवाजावरून अण्णा ओरडले,
"आता दुसरा घे!"