शेरा

ऐरोलीच्या आमच्या वन-बीएचकेत
सगळ्यात गार जागा न्हाणीची.
म्हणून बॅच नंबर सात तिथे,
निळ्या टबात, वीस लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये,
अंगाला ओला टॉवेल गुंडाळून
ताप आलेल्या पोरासारखी बसलेली.
अंघोळीला आम्ही दोघं तिला वळसा घालून जातो.

बर्फ दिवागावच्या द्रौपदीमावशीकडून.
"एवरा बरफ कनाला? लगीन हाय का मयत?"
मी म्हटलं, बीअर करते घरी.
तिने पापलेट उलटं केलं.
"मंग अजून ने."
पहिल्या बॅचला बोंबलाचा वास होता.
तो बर्फाचा की माझ्या घाईचा, अजून ठरलेलं नाही.

अण्णा पीत नाहीत. कधीच नाही.
ठाणे-बेलापूर रोडवर एकोणतीस वर्षं
रिअ‍ॅक्टरसमोर उभे राहिले, ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट.
कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे
आणि तिच्या सहाव्या मजल्यावर मी.
मॉल्ट पहिल्यांदा उकळलं तेव्हा
ते पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.
सरवदेबाईंनी जिन्यातून विचारलं, नाचणी भाजताय का?
अण्णा म्हणाले, मुलीला विचारा.

दुसऱ्या बॅचला म्हणाले,
तुझा थर्मामीटर दोन अंश खोटं बोलतो.
तिसरीला स्वतःचा काढला,
ट्रंकेतून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला.
चौथीपासून दाराला खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला वही:

०६०० — २२ अंश. फेस वर.
१४०० — २४. बुडबुडे मिनिटाला २८. वास पिकल्या केळ्याचा.
२२०० — २३. बर्फाच्या दोन बाटल्या बदलल्या.
शेरा: समाधानकारक.

माझ्या एकाही प्रगतिपुस्तकावर
हा शब्द त्यांच्या अक्षरात नाही. सही फक्त.

पाचवी फुटली. रात्री तीनला.
साखर मीच जास्त घातली होती,
बाटलीमागे चमचा, अंदाजाने,
मोजून कंटाळले होते.
एक फुटली, तिच्या धक्क्याने आणखी दोन,
ओट्याखाली काच, भिंतीवर फेस
आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात,
अनवाणी, मला अडवायला हात आडवा धरून:
"आत किती जण?"
कोणी नाही, अण्णा.
"मोजलेस?"
मोजले.
तरी उभेच राहिले,
फेस भिंतीवरून फरशीपर्यंत उतरेस्तोवर.
सकाळी वहीत एवढंच:
०३१० — तीन बाटल्या. जखमी: कोणी नाही.
त्यांच्या उजव्या कानामागे एक गुळगुळीत डाग आहे.
कशाचा, हे मी आजवर विचारलं नव्हतं.
त्या दिवशीही फडकंच पिळत बसले.

आता ते चार दिवस मुरुडला गेलेत,
चुलतभावाची एकसष्टी.
फ्रिजवर कागद:
चार्ज देत आहे. रात्री दोनचं रीडिंग चुकवू नये.
जार हलवू नये. साखर मोजावी.
"मोजावी"खाली दोन रेघा.

रात्रीचे दोन.
न्हाणीत दिवा लावत नाही, उजेड बीअरला मानवत नाही
असं मीच त्यांना सांगितलं होतं.
बुडुक.
मग बराच वेळ काही नाही.
खाली कुठेतरी वॉचमनची काठी.
बुडुक.
मोबाइलच्या उजेडात पारा वाचते. बावीस.
नळीने थोडी काढून हायड्रोमीटर सोडते,
तो डुलतो, थांबतो: एक-शून्य-बारा.
उरलेलं घोटभर पिते,
कोमट, गॅस नाही, भाकरीच्या करपल्या कडेची चव.

वेळ लिहिते. अंश लिहिते.
शेऱ्यापाशी पेन थांबतं.
मागचं पान उलटते, ते कसं लिहितात बघायला.
त्यावर सुकलेला एक गोल ठसा आहे,
पिवळट, करंगळीएवढा,
आणि शेऱ्याखाली एक ओळ, निळ्या शाईने खोडलेली.
पान उजेडाला धरते.

"कडू. पण बरी."

पुढचं रीडिंग सहाला.