खळदकरांचा फोन

गाडी पुन्हा बोअरच्या झाकणावर.
रात्री सव्वाअकराला सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं,
"खळदकर, बोर्ड वाचता येत नाही,
की अक्षरओळखच नाही?"
अकरा अंगठे आले. एक हसून लोळणारा.
मी निवांत झोपले.

आमच्या धनकवडीत पूर्वीही लोक तिरकसच.
पण टोमणा मारायला जिना उतरावा लागे,
आणि दोन मजले उतरेपर्यंत
अर्धा राग गुडघ्यांत जिरायचा.

सकाळी गेटपाशी खळदकर.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीच धूसर,
ड्रॉप्सची पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघत.
"बरं झालं भेटलात. रात्री फोन सारखा टुणटुणत होता.
मुलगी नाशिकला. जरा वाचून दाखवता?
टँकरचं काही असेल."

त्यांचा फोन माझ्या तळहातावर, गरम.
त्यात माझं नाव असं सेव्ह केलेलं:
'दुसरा मजला ताई चांगल्या'.
खाली माझंच वाक्य,
बोटांनी चार सेकंदांत लिहिलेलं.
जिभेवर येईना.

"टँकर साडेनऊला," मी म्हणाले.
"एवढंच? पन्नासदा तरी वाजला."
"बाकी गुड मॉर्निंग."

रिक्षा आली. चढताना त्यांनी चाचपडत
दांडीऐवजी माझं मनगट धरलं
आणि सॉरी म्हणाले.

गाडी अजून झाकणावरच आहे.
चावी कुठे ठेवतात
ते विचारायचं राहून गेलं.