कड बघ

वेलजीभाईंच्या वखारीत बोर्ड उभे असतात
भिंतीला टेकून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.
सगळ्यांची तोंडं देखणी. सागवानी, अक्रोडी, दुधी.
अण्णाप्पा मिस्त्री म्हणायचे, तोंड काय बघतोस, कड बघ.
एकोणीस एमएमला तेरा थर मोज,
एक आडवा, एक उभा, परत आडवा.
मधे काळी फट दिसली तर ठेव जागेवर.
पेरानं वाजव. बद्द बोलला तर आत पोकळ.
मग शिक्का वाच. शिक्का सगळ्यात शेवटी.

माझं काम पॅटर्नचं, उद्यमनगरात.
पंपाचं पोट आधी मी लाकडात करतो,
शिरोलीत ते वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात,
उरलेल्या पोकळीत लोखंड ओततात.
माझ्या लाकडाला लोखंड कधी शिवत नाही.
दोन-चारशे नग काढायचे असतील तर साग.
तीस-चाळीस असतील तर चांगला प्लाय.
एमडीएफ रंधल्यावर लोण्यासारखा,
पण वाळूची ओल त्याच्या कडेतनं आत जाते
आणि महिन्यात पंप गरोदर दिसायला लागतो.
पट्टी माझी खोटी आहे. मीटरला दहा मिलिमीटर जादा.
लोखंड निवताना आकसतं, म्हणून.

रेहाना शिकलगार आल्या त्या दिवशी मंदी होती,
फर्निचरला नाही म्हणायची ऐपत नव्हती.
पोरगी बारावीला. पुस्तकांचं कपाट पाहिजे.
मोबाईलवर फोटो, पांढरंशुभ्र, भुशाच्या बोर्डाचं,
खाली किंमत, बघून मलाच लाज वाटावी अशी.
मी विचारलं, राहायला कुठं?
सुतारवाड्यात.
मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो कोल्हापुरात
कुठल्याही बोर्डाआधी विचारावा लागतो:
पाणी कुठवर येतं?

त्यांनी हात छातीपाशी धरला.
मग जरा थांबून गळ्यापाशी नेला.
एकोणीसला इथं, म्हणाल्या.

मी सुरू झालो. भुशाचा बोर्ड पाण्यात पाव होतो, ताई.
उसाच्या चिपाडाचा स्वस्त पडतो, आपल्याच कारखान्याचा,
पण तो कोरड्या माळ्यावरचा माणूस.
तुम्हाला मरीन प्लाय. उकळत्या पाण्यात टाकून बघतात त्याला,
थर सुटत नाहीत. एकोणीस एमएम, पाठ पण त्याचीच,
कडांना रंगाचे तीन हात, खाली दगडी पाय.
पुराच्या नाकावर टिच्चून उभं राहील.

आणि पुस्तकं?
त्या म्हणाल्या.

वखारीत कुणीतरी करवत चालू केली.
ती बंद होईपर्यंत मला वेळ मिळाला, उपयोग झाला नाही.

आम्ही दोघीच, म्हणाल्या. रिक्षा दसरा चौकात थांबते.
तिथवर उचलून न्यायचं, मग शाळेत, वरच्या मजल्यावर.
मला बुडणारं नको आन् न बुडणारं पण नको.
उचलता येणारं पाहिजे.

वीस वर्षं कड बघतोय मी.
वजन बघितलं ते ट्रकभाड्यापुरतं.
वेलजीभाईंनी न सांगता बारा एमएमचा गठ्ठा ओढला,
हलका, पोप्लरचा. मी वाजवला. ठणठणीत.

तीन पेट्या केल्या, एकावर एक, मधे कड्या,
दोन्ही बाजूंना मुठी, बायकांच्या हाताच्या मापाच्या.
माप घ्यायला माझ्या बायकोचा हात.
पेटी रिकामी उचलून तिनं दारापर्यंत नेली,
परत आणली, म्हणाली, भरल्यावर बोलू.
मग फळीवर आमच्या तांदळाचा डबा ठेवून परत उचलली.

पोच केल्यावर कळलं,
सगळं कापलं होतं मी खोट्या पट्टीनं.
सवय. हात खिशात गेला तो तिच्यावरच.
नऊशेची फळी नऊशे नऊ झालेली,
आणि प्लाय काही निवत नाही, आकसत नाही.
मी पैसे कमी घेतो म्हणालो.

पोरगी तोवर पुस्तकं लावत बसलेली.
रसायन, जीव, गणित दोन भाग.
शेवटी एक बारकी वही राहिली हातात.
तिनं ती आडवी धरून बघितली,
आणि बसली.