हरकत क्रमांक एकोणीसशे सात

आमच्या खात्यात शेताला शेत म्हणत नाहीत.
ना-विकास क्षेत्र म्हणतात.
फिका हिरवा, आडव्या रेघांचा.
त्यावर पिवळा चढवला की घरं होतात,
निळा चढवला की दुकानं.
मी चढवतो. बावीस वर्षं झाली.
आता हाताला रंग लागत नाही, सगळं पडद्यावर,
एक बोट दाबलं की तीस एकर.

हरकती-सूचनांची मुदत संपायच्या दिवशी
पावणेसहाला, शिपाई दार ओढून घेत असताना
इनास मुर्झेलो आली. कुळवेम गाव, गोराई.
तरीतून खाडी ओलांडून, मग दोन बसेस बदलून,
लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीचं.
अर्जात ‘हरकतीचे स्वरूप’ यापुढे
आम्ही एकच ओळ सोडतो.
तिनं त्या ओळीत लिहिलं होतं: वाल.

मावशी, याचा अर्थ काय लावू?
म्हणाली, भात कापला का त्याच ओलीवर वाल टाकतंव.
नांगर नाय, पानी नाय.
रातचं खाडीवरनं दव येतं, तेवढंच पितो.
तुजे पिवळ्यात दव कुठं बसंल?

रकान्यात मी लिहिलं, ‘जागेची पाहणी आवश्यक.’
का लिहिलं, सांगता येणार नाही.

सोमवारी गेलो. टेप, टोपी, नकाशाची गुंडाळी.
तिचा भाऊ दुमिंग बांधावरून पुढं,
मी मागं, तोल सांभाळत.
नकाशात बांध नसतो.
नकाशात विहीरही नव्हती.
चाळीस पावलांवर खारं पाणी, आणि हिच्यात गोडं.
दुमिंग म्हणाला, वरचं शेत चार महिने भिजतं,
ते आत दाबून ठेवतं खाडीला.
फरशी घाला तुम्ही खुशाल,
खाडी येईल आत.
तिला कुणाची परवानगी लागत नाही.

पलीकडच्या तुकड्याला पत्र्याचं कुंपण.
पत्र्यावर हसरं जोडपं, निळंशार तळं,
आणि प्रकल्पाचं नाव: पॅडी फील्ड्स.
शेत गेलं की त्याचं नाव उरतं,
तेही इंग्रजीत.

त्यांनी जेवायला बसवलं.
वालाची भाजी, तांदळाची भाकरी, सुका बोंबील.
मग इनासनं कोनाड्यातली चिनीमातीची बरणी काढली.
बांधावरच्या तीन झाडांची जांभळं,
जूनमध्ये साखर घालून मुरवलेली,
नाताळ होऊन तळाशी उरलेली वाइन.
ओतताना हात हलला. तिचा की माझा, कोण जाणे.
सर्व्हे नंबर अडतीस, हिस्सा दोन,
कडेपासून कडेपर्यंत भिजला.

आमच्या रंगसूचीत जांभळा म्हणजे उद्योग.

साहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.
कुळवेमला उद्योग? कुठला?
म्हणालो, आहे साहेब. जुना आहे,
आपल्या खात्याहून जुना.
कामगार दोन. बाकी दव.
साहेब हसले नाहीत.
‘फेरपाहणी’ असा शेरा मारला, खाली सही.
म्हणजे तीन महिने.
म्हणजे वालाच्या शेंगा तरी घरात येतील.
भाताच्या रोपांचं काही सांगता येत नाही.

मी फार काही केलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.
त्याच पानावरचे बाकी छत्तीस हिस्से
मीच पिवळे केले, त्याच आठवड्यात,
चहा गार व्हायच्या आत.
त्यांत कुणाकुणाच्या विहिरी होत्या,
पाहायला गेलो नाही.

निघताना तिनं औषधाच्या बाटलीत
उरलेली वाइन भरून दिली.
बूच घट्ट मारू नको पोरा,
आत अजून जित्ता हाय.

खालच्या खणात ठेवली आहे,
एकोणीसशे सातच्या फाइलीला टेकवून.
दुपारी खण उघडला की आधी वास येतो.
शेजारच्या टेबलावरची मान वळते.
अजून कुणी काही विचारलेलं नाही.